बी विंगची तिसरी पायरी

बी-३०४: कामवाल्या मावशी आपल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून पडल्या, मनगट मोडलंय. प्लास्टर सहा आठवडे. आपल्या विंगमध्ये पाच घरची कामं करतात त्या. सेक्रेटरीसाहेब, खर्चाचं काय?

ए-१०२: वाईट झालं. पण ताई, पाऊस होता, त्या घाईत होत्या. शिवाय सोसायटीच्या नोकर नाहीत. वर्गणी काढू, पण 'सोसायटी देणार' असं लिहू नका, अंगाशी येईल.

बी-३०४: काका, वर्गणी म्हणजे उपकार झाले. जिना सामाईक आहे, त्याच्या देखभालीचे पैसे आपण दर महिन्याला भरतो. दूधवाला पडला असता, कुणाचा पाहुणा पडला असता, तरी जबाबदारी आपलीच.

बी-५०१ (वकील): बरोबर. दिल्लीत चांदनी चौकातलं घंटाघर १९५१ मध्ये कोसळलं, माणसं गेली. दोष वरून दिसतच नव्हता, असं महापालिकेचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये ते मानलं नाही. इमारत ८० वर्षांची, वापरलेल्या मालाचं आयुष्य जेमतेम ४०-४५ वर्षं. तपासून घेणं मालकाचंच काम होतं. अर्थात ते रस्त्यालगत होतं, म्हणून नियम कडक. आपल्या जिन्याबाबत निष्काळजीपणा दाखवावा लागेल.

बी-३०४: त्यासाठी लांब जायला नको. याच ग्रुपवर १२ जूनचा मेसेज बघा. फोटो मीच टाकला होता. फरशीचा कोपरा सुटलेला, खाली बोटभर पोकळी. त्यावर चार अंगठे आणि एक 'नोटेड'.

सेक्रेटरी: ते मीच लिहिलं होतं. गवंडी मिळेना. पण निदान दोरी बांधायला हवी होती. चुकलं.

ए-१०२: 'जपून चाला' अशी पाटी लावली असती तर?

बी-५०१: थोडा बचाव झाला असता. पडणाऱ्याचीही चूक निघाली तर कोर्ट भरपाई कमी करतं. पण दोष माहीत असून तसाच ठेवला, तर नुसत्या पाटीने सुटका नाही.

खजिनदार: पॉलिसी काढून बघितली. आग, पूर, भूकंप आहे. बाहेरच्या माणसाला इजा झाली तर लागणारं थर्ड पार्टी कव्हर आपण घेतलेलंच नाही.

बी-३०४: आणि फक्त दवाखान्याचं बिल नको, बुडालेला पगारही धरा. काल भेटायला गेले तर हाताचं राहिलं बाजूला, पहिलं विचारलं, "ताई, दुसरी बाई लावणार का?"

ए-१०२: बिलं माझ्याकडे द्या. उद्याच्या कमिटीत ठराव मी मांडतो, पगारासकट.

सेक्रेटरी: उद्या रात्री ९ वाजता, ऑफिसमध्ये. तिसऱ्या पायरीवर आत्ता कुंडी ठेवून दोरी बांधली आहे. बी विंगवाल्यांनी लिफ्टच वापरा.