एअर रायफलला फोरग्रिप, रेल वगैरे लावून फायदा होतो का?

खारघर_पालक:
नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची आहे, पनवेलला १० मीटर एअर रायफल शिकते, तिथं क्लबची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) वापरते आणि घरी सरावाला साधी स्प्रिंगवाली छऱ्याची बंदूक आहे. उभं राहून मारताना तिचा डावा हात लवकर भरून येतो, शेवटी शेवटी तर नळी खालीच जायला लागते. ऑनलाइन बघायला गेलं तर हँडगार्ड (नळीभोवतीचं आवरण), पिकॅटिनी रेल (सामान बसवायची खाचांची पट्टी), उभी फोरग्रिप, तिरकी फोरग्रिप (पुढच्या हातानं धरायची मूठ) असं ढीगभर दिसतं. यातलं नेमकं काय घ्यावं? आधी घरच्या बंदुकीला लावून बघू का? आणि मॅचला हे चालतं का?

वर्तकनगर_१७७:
दादा, मॅचला नाही चालणार. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमांत १० मीटर एअर रायफलला पाम रेस्ट (तळहातासाठी खाली लावायचा आधार) बाद आहे, उभ्यानं मारताना स्लिंगही (हाताला अडकवायचा पट्टा) नाही, त्यामुळे खाली लोंबणारी ग्रिप डोक्यातून काढून टाका. फोरएंडची (नळीखालच्या पुढच्या भागाची) खोली नळीच्या मध्यापासून १२० मिमीपर्यंत चालते आणि रायफलचं वजन साइटसकट (नेम धरायच्या भागासकट) ५.५ किलोच्या आत हवं. पण त्या १२० मिमीत राइजर ब्लॉक (फोरएंडखाली लावून उंची वाढवायचा ठोकळा) मस्त बसतो आणि तिला तोच लागेल असं मला वाटतं.

कारण बघा, उभ्या पोझिशनमध्ये डाव्या हातानं रायफल धरायचीच नसते, ती हाडांवर ठेवायची असते. कोपर कंबरेच्या हाडावर टेकलेलं, त्यावर हात उभा आणि मुठीवर किंवा बोटांवर रायफल. आता मान लांब आणि हात आखूड असेल तर साइट डोळ्यापर्यंत येत नाही, मग पोरं एकतर मान वाकवतात नाहीतर कोपर कंबरेवरून उचलतात, आणि कोपर उचललं की सगळा भार दंडावर येतो, मग हात भरणारच ना. तिला मान सरळ ठेवून, कोपर टेकवून, डोळे मिटून पोझिशन घ्यायला सांगा, अंग सैल सोडलं की डोळे उघडायचे. नळी टार्गेटच्या खाली बघत असेल तर राइजर वाढवा, वर बघत असेल तर कमी करा. हे कोचसमोरच करा, बाजूनं बघणारा माणूस लागतोच.

ऐरोली_पीसीपी:
वरच्यांशी सहमत. रेलचं थोडं सांगतो. तुम्ही बघितलेलं बहुतेक सामान एआर टाइपच्या (लष्करी घाटाच्या) रायफलींचं आहे. तिथं फ्री फ्लोट (नळीला न टेकणारा) हँडगार्ड लावतात कारण हाताचा दाब नळीवर आला की नेम सरकतो, आपल्याकडे हात मुळात स्टॉकवरच (नळी ज्यावर बसवलेली असते त्या दांड्यावरच) असतो त्यामुळे तो प्रश्नच नाही. पिकॅटिनीच्या खाचा ५.२३ मिमी रुंद आणि ठरलेल्या अंतरावर असतात, वीवर या जुन्या प्रकारच्या रेलच्या अरुंद आणि अंतराचा भरवसा नाही, म्हणून वीवरचं सामान पिकॅटिनीवर बहुतेक वेळा बसतं, उलटं नाही. एम-लॉक हा हँडगार्डवर सामान बसवायचा मॅगपुल कंपनीचा २०१४ चा प्रकार, त्यात रेल नसते, नुसते स्लॉट. मॅच रायफलला फोरएंडखाली लांब टी आकाराची खाच असते, राइजर त्यातच सरकवून घट्ट करायचा, म्हणजे वेगळी रेल घ्यायची गरजच नाही.

खारघर_पालक:
बापरे, खूप आभार दोघांचे. रविवारी कोचशी बोलतो. मग घरच्या स्प्रिंगवालीला निदान तिरकी ग्रिप लावू का, तेवढीच हाताला सवय?

कळवा_स्प्रिंगर:
अजिबात नको. स्प्रिंगवाल्या बंदुकीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन थांबला की पुढे झटका बसतो, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हलायला लागलेली असते. ग्रिप आवळून धरली की प्रत्येक वेळी दाब वेगळा, म्हणून छर्राही वेगळीकडे. तळवा उघडा ठेवा, बंदूक त्यावर नुसती ठेवा, बोटांनी पकडायचं नाही आणि हात रोज त्याच जागी हवा. स्टॉकवर छोटी चिकटपट्टी लावून जागा ठरवून टाका. नळीला चिमटा मारून बसणाऱ्या रेल तर कुणीच घेऊ नका, ब्रेक बॅरलला (नळी वाकवून छर्रा भरायच्या बंदुकीला) त्या फार वाईट.

आणि पावसाळ्यात स्टॉकचे स्क्रू दर आठवड्याला बघा, झटक्यानं ढिले होतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत गंजतातही, तेलाचा हलका हात फिरवायचा. राइजरसाठी क्लबमध्ये विचारा, जुन्या मुलांकडे पडून असतात, वापरून बघायला देतात.