मदत हवी आहे: बंध एकच, मग वितळणांकात एवढी तफावत का?

नमस्कार मंडळी. भाची मुंबईत मेकॅनिकल डिप्लोमा करते. बोरिवली-दादर लोकलमध्ये आमची शिकवणी चालते. आयनिक आणि सहसंयुज बंध झाले, धातूंपाशी गाडी अडली. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, पारा उणे ३९ ला. दोन्हींत धात्विक बंधच ना? नोट्समधला ‘मुक्त इलेक्ट्रॉनांचा समुद्र’ (धातूचे सगळे अणू बाहेरचे इलेक्ट्रॉन मिळून वाटून घेतात, हे चित्र) इथे पुरत नाही. टंगस्टनचे डी-कक्षेतले (आतल्या कवचातले) इलेक्ट्रॉनही बंधात उतरतात, पाऱ्याचे बाहेरचे दोन केंद्रकाने घट्ट धरलेले असतात, इथवर मला कळतं. पण ते इतके घट्ट का? सापेक्षतावादाचा संबंध आहे म्हणतात. फार गणित न घालता कोणी समजावेल का?

शिवाय ग्रेफाइट सिरॅमिकमध्ये (चिनी मातीसारख्या, सहसा वीज न वाहून नेणाऱ्या पदार्थांत) धरायचं की वेगळं? वीज तर छान वाहून नेतं. पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे, तीही बाहेरच्या परीक्षकांची.