दिवाडीवरचं घर पुन्हा बांधायचंय: मागे विहीर, पुढे खाजन, शोषखड्डा घ्यायचा कुठे?

कौलारू

नमस्कार मंडळी. गोव्यात नदीकाठी घर बांधलंय, किंवा परवान्यांत हात पोळलेत, असं कोणी असेल तर मदत हवी आहे. जरा लांबण लागेल.

आजोबांचं घर मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं. आम्ही पुण्यात, चवथीला आणि मे महिन्यात जातो, एरवी कुलूप. दोन पावसाळ्यांपूर्वी मागची भिंत बसली आणि तिच्यासोबत वासेही आले. बाकीच्या तीन भिंती उभ्या आहेत. जुन्या जोत्यावरच पुन्हा बांधायचं ठरवलंय, कारण सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) तेवढंच मिळेल असं आर्किटेक्ट म्हणाले.

अडलंय ते संडासाच्या पाण्यावर. जुना संडास म्हणजे आवाराच्या कोपऱ्यातला खड्डा, तो आता चालणार नाही. आर्किटेक्टनी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) घराच्या मागे दाखवला. आरोग्य केंद्राकडून पाहणीला आलेल्या साहेबांनी आधी विहिरीत डोकावून बघितलं, मग टेप मागितली. विहीर ते शोषखड्डा ७ मीटर. नकाशा तिथल्या तिथे परत दिला. खरं सांगायचं तर राग आला नाही, ते पाणी आम्हीच पितो.

आवार २९ मीटर लांब, १७ मीटर रुंद. पुढून ९ मीटर अंगण, मग ११ मीटर घर, घराच्या मागे ५ मीटरवर विहीर, तिच्यामागे ४ मीटर आणि कुंपण. पुढच्या कोपऱ्यात शोषखड्डा घेतला तर विहिरीपासून २२ मीटर पडतात. पण पुढे उतार आहे आणि कुंपणापलीकडे खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन. गेल्या जुलैत माडाचं रोप लावायला तिथे खणलं तर अडीच फुटांवर पाणी लागलं.

दुसरं दुखणं नळाचं. आजी गेल्यावर बिलं कोणी भरली नाहीत आणि मीटर काढून नेला. विहिरीला बारमाही पाणी आहे, पण एप्रिल संपता संपता मचूळ होतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. एक बोअर मारून टाका, असं कंत्राटदार रोज सांगतोय.

तर शोषखड्डा कुठे, नळ परत कसा, आणि कोणाच्या दारात आधी जायचं?

चोडणकर

पहिलं काम: त्या तीन भिंतींना कोणालाही हात लावू देऊ नका. कंत्राटदाराला मोकळं मैदान हवं असतं, तो जेसीबी फेरीबोटीत चढवायला टपलेला असतो. सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे ना-विकास पट्ट्यात अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. जोतं तेवढंच, एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) तेवढाच, घनता तेवढीच. भिंती पाडल्यात तर काय अस्तित्वात होतं, हे सिद्ध करत बसाल. आधी सगळ्या बाजूंनी टेप धरून फोटो काढा. सर्वे प्लॅनवर घराची आकृती आहे का पाहा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोधा. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, तिच्याआधीची एखादी पावती सापडली तर सोन्याहून पिवळं. आम्हाला आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांखाली सापडली होती.

भरतीरेषेपासूनचं अंतरही मोजून घ्या. भरतीच्या नदीला हा पट्टा १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढा. गोव्याचा २०११ च्या नियमांखालचा किनारी आराखडा २०२२ मध्ये मंजूर झालाय, त्यात तुमचा सर्वे नंबर कुठे पडतो ते आर्किटेक्टनी दाखवायला हवं.

क्रम म्हणाल तर आधी किनारी प्राधिकरण. मग नगर नियोजन आणि आरोग्य केंद्र बरोबरीने, शेवटी पंचायतीचा परवाना. मी उलट गेलो होतो, पंचायतीपासून. आठ महिने गेले. आणि एक-चौदावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) अजून आजोबांचंच नाव असेल तर सगळ्या काका-आत्यांच्या सह्या आत्ताच घ्या. चवथीला सगळे एकत्र भेटतील, मोदक वाढायच्या आधी कागद पुढे करा.

वाळूसिमेंट

सिव्हिलवाला आहे, सेप्टिकचं मी सांगतो.

७ मीटर कुठेच चालणार नाहीत. भारतीय मानक २४७० मध्ये शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब सांगितलाय. तुमच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या जमिनीत तर मी आणखी लांब जाईन. जांभा सच्छिद्र असतो, भेगांमधून पाणी गाळून न निघता सरळ धावतं.

पुढच्या अंगणात दोन्ही अंतरं बसतात, पण अडीच फुटांवर पाणी म्हणजे खोल शोषखड्डा बादच. त्यात सांडपाणी झिरपण्याऐवजी भूजलच वर येऊन बसेल. पाणी १.८ मीटरपेक्षा वर असेल आणि माती पाणी पिणारी असेल, तर याच मानकात उंचवट्यावरचा चर दिलाय: भराव टाकून जमिनीच्या वर किंवा अर्धवट वर खडीचा थर, त्यात भोकांची नळी, वर माती. घट्ट चिकणमाती असेल तर हेही नाही, मग गाळणटाकी लागते.

तेव्हा आधी जमिनीला विचारा. चर जेवढा खोल घ्यायचाय तेवढा छोटा खड्डा खणा, रात्रभर पाण्याने भिजवा, दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. तीसच्या आत आलं तर छान. साठच्या वर गेलं तर मला पुन्हा विचारा. चाचणी पावसाळ्यात करा. मे महिन्यात केलेली चाचणी खोटं बोलते.

टाकी दहा माणसांची धरा. तुम्ही चार असलात तरी चवथीला किती असता? आतून २ मीटर लांब, ०.९ रुंद, पाण्याची खोली १.४, म्हणजे अडीच हजार लिटर. दोन हजारांवर गेलं की मधे आडभिंत घालून दोन कप्पे करायचे. आणि भूजल वर असताना टाकी उपसू नका. दरवाजावर येऊन विकतात ती प्लॅस्टिकची टाकी तर जुलैत रिकामी केलीत की होडीसारखी वर येते. मी स्वतः आल्डोन्याला एक आलेली पाहिलीय, पाइपांसकट.

नवाकोरा

एवढं सगळं कशाला? बायोडायजेस्टर (जिवाणूंनी मैला कुजवणारी टाकी) बसवा, विषय संपला. पाणी एकदम स्वच्छ निघतं.

वाळूसिमेंट

निघतं ना. पण निघून जातं कुठे? त्यालाही चर किंवा खड्डा लागतोच. आणि वर्षाचे दहा महिने कुलूप असलेल्या घरात त्यातले जिवाणू काय खाणार?

माशेलची_सून

कौलारू, तुमच्या विहिरीपासून २२ मीटर मोजलेत. शेजाऱ्यांच्या विहिरीपासून किती?

बोअरचा नाद सोडा. भरतीरेषेपासून २०० मीटरांत भूजल उपसायला मनाई आहे. स्थानिक लोकांना त्यांच्या वापरापुरती सूट आहे, पण विहिरीला आणि बोअरला राज्याच्या २००२ च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागतेच. वर तुमचं गोडं पाणी हा खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर आहे. पंप खोल सोडलात की खालचं खारं वर ओढून घ्याल, तुमच्या विहिरीत आणि शेजाऱ्यांच्याही.

नळासाठी नवा अर्ज करू नका. जुनं बिल शोधून त्यावरचा ग्राहक क्रमांक घेऊन जा, थकबाकी भरतो म्हणा. आमच्याकडे तसंच झालं. नव्या जोडणीला आरोग्य खात्याचा दाखला मागतात, म्हणजे पुन्हा त्याच सेप्टिकपाशी येऊन थांबाल. जोडणी मिळाली तरी छपरावर मोठी टाकी ठेवाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा तिसवाडीत, म्हणजे दिवाडीच्याच तालुक्यात, कित्येक दिवस नळ कोरडे होते. तेव्हा आमच्या ओळखीचे लोक विहिरी उपसून गाळ काढत बसले होते, वर्षानुवर्षं ज्यांत डोकावलंही नव्हतं अशा.

कौलारू

सगळ्यांचे आभार. माशेलच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली, सकाळच्या फेरीने पलीकडे गेलो.

शेजारच्या आंटी टेपचं दुसरं टोक धरायला स्वतः आल्या. त्यांची विहीर कुंपणाला लागून, आंब्याखाली. माझ्या ठरवलेल्या कोपऱ्यापासून १४ मीटर. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ह्या बांयचें उदक आमी पियेतात." (या विहिरीचं पाणी आम्ही पितो.) मग आत जाऊन तांब्याभर आणून दिलं. गोड आहे. आमच्यापेक्षा गोड. घोट घेताना मान वर करता येईना.

अंगणात दुसऱ्या टोकाला, गेटच्या बाजूला मोजलं तर आंटींच्या विहिरीपासून १९ मीटर, आमच्या विहिरीपासून २४, आणि घरापासून ओढूनताणून ६. म्हणजे जागा ही एकच. गाडी लावायला जागा उरत नाही, पण बेटावर गाडी हवीय कोणाला.

तिथे फुटभर खड्डा खणून रात्री भिजवून ठेवला. आज सकाळी पट्टी लावून बसलो. २५ मिलिमीटर उतरायला पहिल्यांदा १७ मिनिटं, मग २१, मग २४, २४. वाळूसिमेंट साहेब, २४ च धरायची ना? आणि भराव बाहेरून आणायचा तर तो कसला हवा? कंत्राटदार खाजनाच्या कडेची माती फुकट देतो म्हणतोय.

ग्राहक क्रमांक सापडला. आजीने देवघराच्या कपाटाच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवला होता, गॅसच्या नंबराखाली. भिंती उभ्याच आहेत, जेसीबीला नाही सांगितलंय.

वाळूसिमेंट

२४ धरा, एकदा स्थिरावल्यावरचा आकडा खरा. खाजनाची माती अजिबात नको. ती चिकट असते, क्षारही असतात, चर सहा महिन्यांत तुंबेल. जाड वाळू किंवा मुरमाचा भराव घ्या आणि त्याची उंची अडीच फुटांच्या पाण्यापासून मोजा, जमिनीपासून नाही. नकाशात दोन्ही विहिरी अंतरांसकट दाखवा, आंटींची सुद्धा. ती साहेबांनी शोधून काढण्याआधी तुम्हीच दाखवलेली बरी.

चोडणकर

आणि मुरुम पावसाळ्यानंतरच मागवा. फेरीच्या रांगेत भिजलेल्या मुरमाचा ट्रक घेऊन मी पाच तास उभा होतो, शेवटी उतारावर चाकं रुतली ती वेगळीच.