मदत हवी आहे: एलएएलमध्ये पीपीसी जमतच नाहीये

रात्रपाळी:
इथे एलएएल (इंजेक्शनमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, आहे का ते बघायची टेस्ट; असलं की नळीत जेल धरतं) कोण करतं? दोन दिवस डोकं फिरलंय. सॅम्पलची नळी पाण्यासारखी, छान. पण पीपीसी, म्हणजे त्याच सॅम्पलमध्ये मुद्दाम एंडोटॉक्सिन (स्पाइक) घातलेली नळी, जिचं जेल व्हायलाच हवं, तीही पाण्यासारखीच! उलटी केली की सगळं खाली. तीनदा केलं. बॅच अडकलीय, सकाळी साहेब विचारणार. लवकर सांगा.

जुना_क्यूसी:
सॅम्पल कसलं? डायल्यूशन (किती पातळ केलं)? पीएच? लॅम्ब्डा (टेस्टला कळणारं कमीत कमी एंडोटॉक्सिन)? कंट्रोल कसे आलेत? यातलं काहीच न सांगता कोण काय डोंबल सांगणार?

रात्रपाळी:
इंजेक्शन आहे. दोन्ही कंट्रोल बरोबर. लॅम्ब्डा ०.१२५. पीएच ७.

हिरवी_बाटली:
फिल्टर सेल्युलोजचा आहे का? मग बीटा-ग्लुकान! ते फॅक्टर जीला चाळवतं, मग एंडोटॉक्सिन नसतानाही जेल होतं. आमचा अख्खा महिना त्यात गेला. ग्लुकान अडवणारा बफर मागवा.

जुना_क्यूसी:
अहो, ग्लुकानमुळे नको तिथे जेल होतं. यांचं हवं तिथे होत नाहीये.

हिरवी_बाटली:
मी आपला अनुभव सांगितला.

किनारेवाली:
अजून त्या मुक्या जिवाचं, हॉर्सशू क्रॅबचं, निळं रक्तच वापरताय या टेस्टला? सिंगापूरच्या डिंग जीक लिंग आणि हो बाऊ यांनी १९९०च्या दशकातच रिकॉम्बिनंट फॅक्टर सी (त्या रक्तातलं एंडोटॉक्सिन ओळखणारं प्रथिन, पण प्रयोगशाळेत केलेलं) बनवला. आता अमेरिकन फार्माकोपियातही (औषधांच्या मानकांचा ग्रंथ) त्याला जागा मिळालीय. बदला की!

जुना_क्यूसी:
जरूर बदलावं. पण आज रात्री?

खवय्या:
हा खेकडा आपल्या बाजारात येतो का? रस्सा कसा होतो?

किनारेवाली:
तो खेकडा नव्हेच, कोळी-विंचवांच्या गोतातला. आपल्या देशात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर सापडतो आणि कायद्याने संरक्षित आहे. रस्सा विसरा.

तळमजला:
वॉटर बाथच्या शेजारी व्होर्टेक्स (नळ्या गदगदा हलवणारं यंत्र) आहे का? नळी मधेच उचलून बघितली का? एकदा मोडलेलं जेल परत धरत नाही.

रात्रपाळी:
चाळिसाव्या मिनिटाला एकदाच बघितली होती. पहिल्या वेळी. नंतरच्या दोन वेळा हातही नाही लावला.

जुना_क्यूसी:
धन्य आहे. ६० मिनिटं म्हणजे ६० मिनिटं. बरं, प्रॉडक्टमध्ये ईडीटीए आहे का?

रात्रपाळी:
आहे ना थोडं. त्याचं काय?

जुना_क्यूसी:
हे आधी सांगायचं! एंडोटॉक्सिन लागलं की फॅक्टर सी जागा होतो, तो फॅक्टर बीला उठवतो, बी क्लॉटिंग एन्झाइमला, आणि ते कोअॅग्युलोजेन नावाचं प्रथिन कापतं तेव्हा कुठे जेल. या साखळीला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच धरून बसतं. डायल्यूशन किती केलंस? लिमिट किती?

रात्रपाळी:
१:४. लिमिट १० ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मिली.

जुना_क्यूसी:
१० भागिले ०.१२५, म्हणजे ८० पटीपर्यंत जाता येतं. चारवर काय अडून बसलायस? १:२० आणि १:४० लाव. पीपीसी त्याच डायल्यूशनमध्ये, स्पाइक दोन लॅम्ब्डाचा. आणि बघू नकोस मधे!

हिरवी_बाटली:
तरी फिल्टर तपासाच.

रात्रपाळी:
झालं! १:२०ला लिबलिबीत, उलटी केल्यावर घसरलं. १:४०ला घट्ट, पूर्ण उलटी केली तरी बुडाला चिकटून. नुसतं सॅम्पल दोन्हीकडे निगेटिव्ह. पण प्रोटोकॉलमध्ये १:४ लिहिलंय. साहेबांना काय सांगू?

जुना_क्यूसी:
साहेबांना नंतर. आधी क्यूएला (क्वालिटी अॅश्युरन्सवाल्यांना). आणि चाळिसाव्या मिनिटाचंही लिही त्यात.