बाबांच्या डोळ्यात पिवळा डाग दिसतोय, कावीळ असेल का?

मंडळी, जरा टेन्शन आलंय म्हणून विचारतोय. बाबा 58 वर्षांचे, निफाडकडे द्राक्षबाग आहे, दिवसभर उन्हातच असतात. परवा मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या बाजूला, नाकाकडे, तूरडाळीच्या तुकड्याएवढा पिवळसर उंचवटा आहे. दुखत नाही, पण संध्याकाळी डोळे खुपतात आणि लाल होतात. शेजारचे म्हणतात कावीळच आहे, उतरवून आणा, माळ घाला. आई पण तेच धरून बसलीय. काय करू?

प्रतिसाद 1:
दादा आधी एक बघा, उजेडात, ट्यूबखाली नको. डोळ्याचा पांढरा भाग सगळाच पिवळा झालाय की फक्त तेवढाच डाग? काविळीत रक्तातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढतं त्यामुळे पूर्ण पांढरं पिवळं पडतं, असा एका जागी ठिपका येत नाही. लघवी गडद पिवळी होते, भूक मरते, मळमळतं, कधी शौचाला पांढरट होतं. यातलं काही असेल तर थांबू नका, लगेच एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्त तपासणी, करा. मी लॅबमध्ये काम करते. उतरवण्यात आठ-पंधरा दिवस घालवून मग आलेले पेशंट बघितलेत हो, फार वाईट वाटतं. आणि कुणी डोळ्यात किंवा नाकात झाडपाल्याचा रस घालतो म्हणालं तर अजिबात घालू देऊ नका.

प्रतिसाद 2:
मला हेच झालं होतं, 12 वर्षं बाईकवर फिरतीची नोकरी. त्याला पिंग्वेक्युला म्हणतात, ऊन, वारा, धूळ आणि डोळे कोरडे पडणं यामुळे वरच्या पातळ पडद्यात असा उंचवटा येतो. कॅन्सर वगैरे नाही. फक्त तो वाढत बुबुळावर चढायला लागला तर त्याला टेरिजियम म्हणतात, आपल्याकडे मांस वाढलं म्हणतात ना तेच, मग कधी कधी ऑपरेशन लागतं. मेडिकलमधून लाली घालवायचे स्टिरॉइडचे ड्रॉप स्वतःच्या मनाने आणू नका, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

प्रतिसाद 3:
माझ्या सासूबाईंना पापणीवर पिवळे चट्टे होते, आतल्या कोपऱ्यात. ते वेगळं, ती चरबी असते, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल तपासायला लावलं. सगळ्यांचंच वाढलेलं असतं असं नाही पण तपासलेलं बरं.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार. काल दाखवून आलो, हनुवटी टेकवून मशीनमधून बघितलं, पिंग्वेक्युलाच निघाला. बिलिरुबिन 0.8, म्हणजे कावीळ नाही, रिपोर्ट आईला वाचून दाखवला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. कोरडेपणासाठी ड्रॉप दिलेत दिवसातून 4 वेळा आणि बागेत जाताना बाजूने पण झाकणारा गॉगल, फवारणीच्या वेळी तर नक्कीच. आज सकाळी घालून गेलेत.