मटणाच्या अळणीत भाज्या शिजवल्या तर शुगरवाल्यांना चालेल का?

रामबागची सून:
सासऱ्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. डॉक्टरांनी रात्रीचा भात-पोळी कमी करायला सांगितलंय. पण नुसती कोरडी भाजी वाढली की दोन घास खाऊन उठतात आणि तासाभराने शेवेचा डबा उघडतात. इंदूरच्या घरात शेव नाही असं होणार कसं! रविवारी मटण शिजतं तेव्हा अळणी (मटण-हाडं शिजवलेलं पाणी) भरपूर निघते. ती साठवून आठवडाभर वापरू का? पाकिटातलं सूप बघितलं, त्यात कॉर्नफ्लोअर आणि साखर लिहिलेली. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठीही सांगा.

सुदामानगरची मावशी:
अगं, जरूर कर. ह्यांना शुगर निघाल्यापासून आमचं रात्रीचं जेवण अळणीवरच चालतं. हाडांच्या पाण्यात कर्बोदकं जवळजवळ नसतातच. पण ते औषध नाही, त्याने शुगर उतरत नाही. चव येते, त्यामुळे ताटातला भात कमी झाला तरी माणूस चिडत नाही, एवढंच त्याचं काम आणि ते फार मोठं आहे.

खाटकाकडून नळ्या आणि गुडघ्याची हाडं घे. हाडं बुडतील इतकं पाणी, ठेचलेलं आलं-लसूण, चार मिरे, तमालपत्र, चिमूटभर हळद. मीठ अजिबात नाही. कुकरमध्ये मंद आचेवर तासभर. गाळून, गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. सकाळी वर पांढरी चरबी घट्ट बसलेली असते, ती चमच्याने अख्खी उचलून काढ. खालचं पाणी भांडं हलवलं की थुलथुलतं, ते हाडांतलं जिलेटिन. दोन-तीन दिवसांचं फ्रीजमध्ये ठेव, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव.

आता भाताऐवजी फ्लॉवर. मोठ्या किसणीवर किस, जिऱ्या-लसणाच्या फोडणीत मोठ्या आचेवर परत आणि अळणी थोडी थोडी घाल. झाकण ठेवू नकोस, लगदा होतो. दाणा सुटा राहिला की त्यावर मटणाचा रस्सा घेऊन हे पोटभर जेवतात. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये 5 च्या आसपास. दाटपणासाठी बेसन, कॉर्नफ्लोअर नको. वाटलेला दुधी किंवा भाजलेल्या तिळाचं कूट घाल. आणि थंडीत गराडू (आपल्याकडचे कंद) मिळतात म्हणून ते त्यात टाकू नकोस, ते बटाट्याचेच भाऊ.

लोकमान्यनगर लॅबवाला:
मावशींनी मीठ वर्ज्य केलं हे फार बरं केलं. बाजारातले तयार सूपचे क्यूब मात्र वापरू नका, त्यात निम्म्याच्या आसपास मीठच असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे, आणि मधुमेहाबरोबर बीपी असणारे खूप.

ग्लिमेपिराइड चालू असताना जेवणातली कर्बोदकं एकदम कमी केली तर शुगर फार खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, घाम, चक्कर. म्हणून बदल करण्याआधी डोसचं डॉक्टरांशी बोला. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिनही बघून घ्या. किडनीवर परिणाम असेल तर प्रथिनं आणि पोटॅशियम किती चालेल ते डॉक्टरच ठरवतील. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तरी रोज अळणी नको.

रामबागची सून:
बीपी आहेच त्यांना. डॉक्टरांना सोमवारी विचारते. सासूबाईंचं राहिलं.

सुदामानगरची मावशी:
त्यांच्यासाठी मशरूम, कोबीचा दांडा, फ्लॉवरचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, एक टोमॅटो आणि आलं. मशरूम आधी कोरड्या कढईत तांबूस होईपर्यंत परत, चव तिथेच येते. मग पाणी घालून अर्धा तास उकळ आणि गाळ. डाळीचा कट घेतलास तर तो कर्बोदकांत धर, त्यात डाळीचा स्टार्च उतरतो. दोन्ही भांडी वेगळी ठेव. ट्रेवरही नाव लिही, गोठल्यावर ओळखू येत नाही.