एकाच सभासदाच्या तीन अर्धवट ओळी एकत्र कशा कराव्यात?

गिरणगाव_वाचक

नमस्कार. लालबागमधील एका जुन्या वाचनालयाच्या सभासदांची यादी संगणकावर आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. माहिती तीन ठिकाणांहून जमली आहे: हाताने लिहिलेली सभासद नोंदवही, जी दोन विद्यार्थिनींनी सुट्टीत एक्सेलमध्ये उतरवून दिली, वर्गणीची पावतीपुस्तके, आणि गेल्या वर्षी सभासदांकडून भरून घेतलेला गूगल फॉर्म. तिन्ही मिळून ४,३१२ ओळी झाल्या आहेत. सभासद अर्थातच तितके नाहीत, कारण एकच माणूस दोनदा, कधी तीनदा आला आहे आणि प्रत्येक ओळीत काही ना काही रिकामे आहे.

एक उदाहरण देते. नाव-आडनाव बदलले आहे. नोंदवहीत ‘सौ. स. कऱ्हाडे’ असे आहे, सोबत चाळीतील खोलीचा क्रमांक, सात अंकी दूरध्वनी आणि सभासद झाल्याचे वर्ष १९७१, जन्मवर्ष नाही. पावतीवरच्या ओळीत ‘सुनंदा कऱ्हाडे’, दूरध्वनी आणि अनामत रक्कम आहे, पत्ता नाही. फॉर्ममध्ये ‘सुनंदा’सह पूर्ण नाव, मोबाइल, पिनकोड आणि जन्मवर्ष आहे, सभासद झाल्याचे वर्ष नाही. तिन्ही एकमेकींवर ठेवल्या तर एक भरलेली ओळ तयार होते आणि मला तीच हवी आहे.

एक्सेलमधील ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ वापरून पाहिले, परंतु ते पहिली ओळ ठेवते आणि बाकीच्या काढून टाकते. म्हणजे त्या ओळींत असलेली जास्तीची माहितीही जाते. मला थोडे पायथन येते. रिकाम्या जागा दुसऱ्या ओळीतून भरून घेण्याची खात्रीची पद्धत कोणी सांगेल का?

कुर्ला_पायथन

ताई, आधी यंत्राचा भाग सांगतो, कारण तो सोपा आहे. पँडाजमध्ये (पायथनमध्ये तक्ते हाताळण्याचा संच) ओळींचे गट पाडण्यासाठी ‘ग्रुपबाय’ आहे आणि गटावर ‘फर्स्ट’ चालवले की ते गटातील पहिली ओळ देत नाही, तर प्रत्येक रकान्यातील पहिली भरलेली किंमत देते. आपल्याला हवे ते नेमके हेच आहे. ‘ड्रॉप डुप्लिकेट्स’ मात्र एक्सेलसारखेच वागते, म्हणजे एक अख्खी ओळ ठेवते, म्हणून ते इथे कामाचे नाही. ‘फर्स्ट’ चालवण्यापूर्वी ओळी विश्वासाच्या क्रमाने लावून घ्याव्यात. मी आपल्या जागी असतो तर फॉर्म सर्वांत वर, मग पावत्या, मग नोंदवही असा क्रम ठेवला असता.

परंतु त्याआधी तीन ठिकाणी पाय घसरतो. फाइल वाचतानाच सर्व रकाने मजकूर म्हणून वाचावेत. तसे केले नाही तर ज्या रकान्यात आकडे आणि रिकाम्या जागा दोन्ही आहेत, तो पँडाज दशांश आकड्यांचा समजते आणि प्रत्येक मोबाइल क्रमांकाच्या शेवटी ‘.०’ चिकटते. दुसरे म्हणजे, आपल्याला जे रिकामे वाटते ते यंत्राला रिकामे वाटत नाही. उतरवून घेणाऱ्यांनी ‘-’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ असे लिहिले असेल किंवा नुसती स्पेस दिली असेल, तर ती यंत्राच्या लेखी भरलेली किंमत आहे आणि ‘फर्स्ट’ तीच उचलेल. हे सर्व आधी खरोखर रिकामे करून घ्यावे. अनामतीतला ० मात्र रिकामा करू नये. शून्य रुपये भरणे आणि रक्कम ठाऊक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या रकान्यावर आपण गट पाडता, तोच एखाद्या ओळीत रिकामा असेल तर ‘ग्रुपबाय’ ती ओळ काही न बोलता गाळून टाकते. २०२० मध्ये आलेल्या १.१ आवृत्तीपासून ‘ड्रॉपएनए’ हा पर्याय बंद करून त्या ओळी ठेवता येतात, पण मग दूरध्वनी नसलेले सर्व सभासद एकाच गटात येतात आणि ‘फर्स्ट’ त्या सर्वांचा मिळून एक माणूस बनवते. यावर उपाय म्हणजे किल्ली, म्हणजे गट पाडण्याचा रकाना, रिकामी असलेल्या ओळी बाजूला काढून ठेवणे.

शिवाय प्रत्येक गटासाठी रकान्यागणिक ‘एनयुनिक’, म्हणजे वेगवेगळ्या किमती किती ते, मोजावे. ते रिकाम्या जागा धरत नाही, त्यामुळे जिथे उत्तर १ येईल तिथे वाद नाही आणि जिथे २ किंवा अधिक येईल तो गट डोळ्यांनी पाहायचा. सभासद झाल्याचे वर्ष सर्वांत जुने घ्यावे, पत्ता सर्वांत अलीकडचा. अनामत रकमांची बेरीज मात्र पावती क्रमांक वेगळे असल्याशिवाय करू नये.

पार्ले_मुद्रितशोधक

वरील उत्तर योग्य आहे. मी केवळ नावाच्या रकान्याबद्दल लिहिते, कारण मराठी नावे जुळवताना जो त्रास होतो तो पायथनच्या इंग्रजी उदाहरणांत सापडत नाही.

आपण दिलेले ‘कऱ्हाडे’ हे आडनावच घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: काही कळफलक नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचे ‘एनएफसी’ सामान्यीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे टंकलेखन एका रूपात आणणे) केल्यावर ‘र’ आणि नुक्ता वेगवेगळे टंकित झाले असतील तर ते जुळतात, मात्र जोडचिन्हाचा प्रकार त्याने जुळत नाही. तो स्वतः बदलावा लागतो: ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह असा क्रम दिसला की त्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावा. जोडचिन्ह नुसते पुसून टाकू नये, नाहीतर ‘ऱ्हा’चा ‘र्हा’ होतो आणि रफार ‘ह’वर जाऊन बसतो.

ऱ्हस्व-दीर्घाचाही प्रश्न आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर नावांतले शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहिण्याची पद्धत रुळली, तरी जुन्या नोंदवहीत ‘विष्णु’ आणि फॉर्ममध्ये ‘विष्णू’ सर्रास आढळेल. तुलनेसाठी नावाचा एक वेगळा, साधा केलेला रकाना तयार करावा: त्यातले सर्व शेवटचे इकार-उकार दीर्घ करावेत, ‘सौ.’, ‘श्री.’, ‘कु.’, ‘श्रीमती’ काढावेत, देवनागरी आणि इंग्रजी अंक एका लिपीत आणावेत. मूळ नावाच्या रकान्याला मात्र हात लावू नये. माणसाने आपले नाव जसे लिहिले तसेच ते यादीत राहिले पाहिजे. आणि काढलेले ‘सौ.’ फेकून देऊ नये. ते वेगळ्या रकान्यात ठेवावे, कारण तीही माहिती आहे.

माटुंगा_सांख्यिकी

आतापर्यंत सांगितले गेले ते सर्व करावे, पण माझ्या मते प्रश्नातच एक गृहीतक दडले आहे आणि ते तपासल्याशिवाय काहीही चालवू नये. आपण लिहिले आहे की तीन ओळी एकमेकींवर ठेवल्या की एक भरलेली ओळ तयार होते. ओळी जितक्या अपुऱ्या, तितक्या त्या एकमेकींवर सहज बसतात, कारण रिकामी जागा कशालाच विरोध करत नाही. म्हणून ओळी ‘बसतात’ हा त्या एकाच माणसाच्या असल्याचा पुरावा धरता येत नाही.

नोंदी जुळवण्याचे जे शास्त्र आहे, त्याची मांडणी कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी खात्यातील आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये केली. प्रत्येक रकाना जुळला तर काही गुण मिळतात, जुळला नाही तर काही वजा होतात. आडनाव ‘पाटील’ जुळले तर थोडे गुण, एखादे विरळ आडनाव जुळले तर अधिक. दोनपैकी एक बाजू रिकामी असेल तर व्यवहारात शून्य गुण देतात. एकूण बेरीज वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर जुळणी मान्य, खालच्या मर्यादेखाली गेली तर अमान्य, आणि मधल्या जोड्या माणसाने तपासायच्या. आपल्या ४,३१२ ओळींच्या सर्व जोड्या सुमारे ९३ लाख होतात, म्हणून आधी आडनाव सारखे असलेल्या आणि मग दूरध्वनी सारखा असलेल्या ओळींपुरतीच तुलना करावी. केवळ एकाच किल्लीवर विसंबू नये.

आता आपलेच उदाहरण घेऊ. नोंदवहीची ओळ आणि पावतीची ओळ बहुधा दूरध्वनीवरून जुळली असणार. मुंबईचे सात अंकी क्रमांक पुढे २ लागून आठ अंकी झाले, तेवढा फरक आपण सोडून दिला असेल आणि ते बरोबरच आहे. पावती आणि फॉर्म नावावरून जुळले. पण नोंदवही आणि फॉर्म यांच्यामध्ये थेट काय जुळते? आडनाव आणि एक आद्याक्षर, इतकेच. मधली ओळ पुलासारखी आहे आणि त्या पुलावरून पहिली ओळ तिसरीत आली. अशा साखळीत पहिल्या आणि शेवटच्या कडीची तुलना स्वतंत्रपणे केलीच पाहिजे.

शिवाय लालबागच्या चाळीत त्या काळी फोन कितीजणांकडे होता? मजल्यावरील एका बिऱ्हाडात असे आणि शेजारी तोच क्रमांक ‘पी.पी.’ लिहून देत. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ही दोन अक्षरे आहेत का, हे मूळ पानावर पाहावे. आणि एकत्र करण्यापूर्वी १९७१ हे सभासद वर्ष फॉर्ममधल्या जन्मवर्षाशेजारी ठेवून पाहावे. एकत्र केल्यावरही हे दोन आकडे एकाच ओळीत दिसतील, पण तेव्हा तिथे कोणी पाहणार नाही, कारण ओळ पूर्ण दिसत असेल.

गिरणगाव_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी नोंदवही काढून पाहिली. क्रमांकापुढे बारीक अक्षरात ‘पी.पी.’ आहे, एक्सेलमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून उतरवताना ते राहून गेले. मुलींचा दोष नाही, रकाने मीच आखून दिले होते. फॉर्ममधले जन्मवर्ष १९६६ आहे. पाच वर्षांची मुलगी १९७१ मध्ये ‘सौ.’ म्हणून सभासद होणार नाही.

फॉर्म भरलेल्या बाईंना आज दूरध्वनी केला. नोंदवहीतील ‘सौ. स.’ या त्यांच्या सासूबाई. त्यांचे आद्याक्षरही ‘स’च होते. सुनंदाबाई लग्न होऊन त्या घरात आल्यावर स्वतः सभासद झाल्या आणि तोच शेजारचा क्रमांक त्यांनीही पावतीवर दिला. मी ओळी एकत्र केल्या असत्या तर सासूबाईंचे नाव यादीतून कायमचे गेले असते आणि त्यांचे सभासद वर्ष सुनेच्या नावावर लागले असते.

आता दूरध्वनीच्या शेजारी ‘पी.पी. होय/नाही’ असा रकाना घातला आहे आणि नोंदवही पुन्हा तपासायला घेतली आहे. प्रत्येक ओळीला ‘नोंदवही-२१४’ असा मूळ ठिकाणाचा क्रमांकही देत आहे, म्हणजे एकत्र केलेल्या ओळी चुकल्या तर परत सोडवता येतील. एकच शंका उरते. ज्या जोड्यांचा निर्णय लागत नाही आणि सभासदही हयात नाहीत, त्यांचे काय करावे?

माटुंगा_सांख्यिकी

त्या वेगळ्याच ठेवाव्यात. दोन्ही ओळींत ‘संभाव्य जोडी’ असा रकाना करून एकमेकींचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढे एखादी जुनी पावती किंवा घरातील कोणी सापडले तर जोडणे पाच मिनिटांचे काम आहे. जोडलेले सोडवणे तितके सोपे नसते. सभासदसंख्या सांगताना या जोड्या किती आहेत तेही सांगावे, म्हणजे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे दोन्ही आकडे समितीपुढे जातील.